रबराच्या चार चकत्या

पुलाच्या अलीकडं बस थांबली आणि खिडकीची काच संयोगिताच्या दाढेत वाजली.

कानात नव्हे, दाढेत. उजवीकडच्या खालच्या, गेल्या वर्षी सिमेंट भरून घेतलेल्या दाढेत. डोकं काचेला टेकून ती बसली होती. सांगलीहून साताऱ्याला निघालेली एसटी पुढच्या ट्रॅक्टरमागं खोळंबली, ड्रायव्हरनं इंजिन तसंच चालू ठेवलं, आणि सगळ्या बसला हुडहुडी भरली. काच थरथरली, समोरच्या बाकाचा दांडा थरथरला, पत्र्यावर लिहिलेली ‘महिलांसाठी’ ही अक्षरंसुद्धा पुसट झाल्यासारखी दिसायला लागली. मांडीवरच्या पिशवीतल्या चार चकत्या एकमेकींवर खळखळ वाजू लागल्या. मग ड्रायव्हरनं कंटाळून ॲक्सिलरेटर जरासा दाबला आणि सगळं एकदम शांत झालं. इंजिनाचा आवाज वाढला होता, पण थरथर गेली होती. संयोगिता ताठ बसली. हे तिला काही नवं नव्हतं. ठरावीक वेगाला इंजिनाची आणि सांगाड्याची थरथर जुळते, की दोघं मिळून नाचायला लागतात आणि वेग बदलला की फुगडी सुटते, हे तिनं कारखान्यात नव्या भरती झालेल्या इंजिनिअरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण फळ्यावरची गोष्ट आज दाढेत आली होती, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे. लहानपणी जत्रेतला पाळणा वर जाताना यायचा, तसा.

पिशवीत ॲल्युमिनियमच्या चार चकत्या होत्या. काल सांगलीतल्या लेथवर कातून घेतलेल्या, चकचकीत, मध्ये बोल्टाचं भोक. आज उंब्रजला जायचं, आबांच्या शेडमध्ये घरीच जोडून उभ्या केलेल्या विमानाच्या इंजिनाखालच्या रबरी चकत्या काढायच्या आणि त्यांच्या जागी या बसवायच्या. इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये चार ठिकाणी बोल्ट आणि प्रत्येक बोल्टावर एक चकती. बघितलं तर एवढीच गोष्ट. रबर घातलं तर इंजिन आपल्या जागी हलतं, डोलतं आणि आपला धक्का आपल्यापाशीच ठेवतं. धातू घातला तर इंजिन जागचं हलत नाही, पण त्याचा प्रत्येक धक्का सांगाड्यात उतरतो, नळ्यांच्या जोडांत उतरतो, बसणाऱ्याच्या मणक्यात उतरतो. वर्षभर तिनं रबराची बाजू घेतली होती. नुसती घेतली नव्हती, तर ती भांडली होती. कुपवाडच्या ज्या कारखान्यात ती ट्रॅक्टरच्या आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांच्या रबरी बुशांची डिझाइनं करायची, तिथल्याच प्रेसवर, साहेबांची परवानगी काढून, तिनं स्वतः मिश्रण ठरवून त्या चकत्या ओतल्या होत्या. साच्यात आठ घरं, म्हणून आठ चकत्या. चार विमानाला बसल्या. तीन तिच्या कपाटात राहिल्या. आणि एक तेव्हापासून तिच्या पर्समध्ये असते. मीटिंगमध्ये कंटाळा आला, की टेबलाखाली ती अंगठ्यानं दाबत बसते. नवरा म्हणतो, लोक माळ ओढतात, तू रबर दाब.

आणि गेल्या रविवारी ते रबर दबून खाली बसलं होतं. तिच्या हातचं रबर. इंजिन पुढून दोन बोटं खाली आलेलं, पंख्याची मान झुकलेली. चालू केल्यावर तर ते अंगात आल्यासारखं घुमायला लागलं. विमान उडवणाऱ्या राजरत्ननं झटकन बंद केलं. तिनं बोटानं चकती दाबून पाहिली, तर ती लोण्यासारखी आत गेली. संयोगिताचं तोंड असं उतरलं, जणू भरलेल्या वर्गात मास्तरीणबाईंचंच गणित चुकावं. तिनं पुन्हा हात लावला नाही. चकती काढली नाही, कठीणपणा मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र कारखान्यात होतं, ते आणलं नाही. इतर कुणाची चकती असती तर पहिल्यांदा ते केलं असतं. पण आपलं चुकलं म्हटल्यावर माणूस मोजमाप करत नाही, तो तोंड लपवतो.

बस पूल ओलांडून सांगलीवाडीच्या बाहेर पडली. दोन्ही बाजूंना ऊस उंच झाला होता, तुरे यायला लागले होते. संयोगिताला उसाकडं बघितलं, की नेहमी पायाचे तळवे आठवतात. आबांचं गुऱ्हाळ. आबा, म्हणजे तिचे वडील लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन परत आले, ते वीस वर्षं मोठ्या गाड्या चालवून आणि उघडून-जोडून, आणि आल्या आल्या त्यांनी गुऱ्हाळ घातलं. चरकाला डिझेलचं इंजिन. फौजी माणूस, त्यांनी इंजिन काँक्रीटच्या ओट्यावर असं आवळलं, की पान्याला लोंबकळून शेवटचा आटा दिला. “सैल काय ठिवायचं न्हाई,” हे त्यांचं ब्रीद. सात वर्षांची संयोगिता अनवाणी ओट्याजवळ उभी राहायची, कारण तळव्यांना गुदगुल्या व्हायच्या, त्या पोटऱ्यांतून गुडघ्यापर्यंत चढायच्या आणि दात आपोआप वाजायचे. तिला वाटायचं, जमीन हसते आहे. तिसऱ्या आठवड्यात गुऱ्हाळाच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली. आबा दोन दिवस त्या चिरेकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकचा जुना टायर आणला, कोयत्यानं त्याचे चार तुकडे पाडले आणि इंजिनाच्या चारी पायांखाली सारले. इंजिन सुरू झालं. ते तट्टासारखं जागच्या जागी उड्या मारत होतं, आणि जमीन मुकी झाली. संयोगिता रडली होती. तिची गंमत गेली म्हणून. आबांनी तिला उचलून तिचा तळहात भिंतीवर टेकवला आणि म्हणाले, “बघ, भित झोपली. यंत्राला नाचाया जागा दिली, की घराला झोप लागती.” पुढं तिनं इंजिनिअरिंगला जाऊन रबराचा अभ्यास केला, त्याची कारणं मुलाखतीत तिनं वेगवेगळी सांगितली होती. खरं कारण ती भिंत होती.

कसबे डिग्रजला आष्ट्याची एक बाई चढली आणि संयोगिताच्या शेजारी बसली. पायांत पिशवी, मांडीवर पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. कॅनचं झाकण हरवलेलं, तोंडात कुठल्याशा जुन्या बाटलीचं काळं रबरी बूच कोंबलेलं. बसल्या बसल्या बाईंनी आपलं नाव, गाव आणि प्रवासाचं कारण सांगून टाकलं. रंगूबाई. डिग्रजला लेकीकडं आल्या होत्या. तिथल्या घाण्यावरनं घरच्या शेंगांचं तेल काढून चालल्या होत्या. संयोगिता हूं हूं करत होती. तिच्या डोक्यात गुरुवार होता. गुरुवारी आष्ट्याच्या पुढच्या माळावर, धावपट्टीवर, तपासणीचे साहेब येणार होते. चार वर्षं शेडमध्ये नळी-नळी जोडून उभं केलेलं दोन माणसांचं विमान. त्यांनी होकार दिला, की राजरत्न ते जमिनीपासून उचलणार होता. राजरत्न हवाई दलात विमानांची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला, हलकी विमानं उडवण्याचा परवाना असलेला, बोलायला कमी. रविवारी तो एवढंच म्हणाला होता, “ताई, रबर म्हणाल तर रबरावर बसतो. धातू म्हणाल तर धातूवर बसतो. मी वर असताना विचार करत बसणार नाही. तुम्ही खाली करून ठेवा.” या वाक्यानं तिची तीन दिवस झोप उडवली होती. रबर पुन्हा बसलं, तर पंखा तिरका होऊन पुढच्या पत्र्याला घासेल, आणि राजरत्न पाचशे फुटांवर असेल. धातू घातला, तर गुरुवारी काही होणार नाही. शनिवारीही होणार नाही. मग कधीतरी, कुठल्यातरी जोडात, भिंतीला पडली तशी केसाएवढी चीर पडेल, आणि तेव्हाही वर राजरत्नच असेल. तिनं धातू निवडला होता, कारण धातू निदान लगेच तोंडघशी पाडत नाही. हे कारण आहे की भित्रेपणा, हे तिला ठरवता येत नव्हतं. म्हणूनच ती काचेला डोकं टेकून बसली होती, आणि काचेनं दाढेत उत्तर दिलं होतं. आता वाटेत बस जिथं जिथं थांबत होती, तिथं ॲल्युमिनियमच्या चकत्या खळखळत होत्या. त्यांच्याखाली पर्समध्ये पडलेलं रबर मात्र गप्प होतं.

तुंगच्या पुढं रस्ता खणलेला होता. बस आदळली आणि कॅनचं बूच उडालं. तेलाचा एक भपकारा, खमंग, भाजल्या शेंगांचा, आणि पाठोपाठ रंगूबाईंचा आरडाओरडा. “आवं बाई, धरा की जरा! सांडलं माझं त्याल!” संयोगितानं एका हातानं कॅन धरला, दुसऱ्या हातानं पायापाशी लोळणारं बूच उचललं आणि कॅनच्या तोंडात दाबलं. ते बसेना. पुन्हा दाबलं. बूच वाकलं, दबलं, बोटांतून निसटलं. “न्हाई बसायचं ते,” रंगूबाई म्हणाल्या. “सालभर त्यालात ऱ्हाऊन फुगलंय मेलं. आदी कसं कडक हुतं, आता म्हशीच्या सडागत झालंय.”

संयोगिताची बोटं तशीच थांबली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते काळं बूच होतं, आणि ते आत जात होतं. लोण्यासारखं. रविवारी गेलं होतं तसं. तंतोतंत तसं. डोक्याच्या आधी बोटांना कळलं. मग नाकाला कळलं. रविवारी हाताला लागलेला तो तेलकटपणा इंजिनाच्या तेलाचा आहे, असं ती धरून चालली होती, आणि घरी येऊन साबणानं धुताना काहीतरी खमंग वास आला होता, तेव्हा तिला वाटलं होतं, सासूबाईंनी चटणी केली असेल. चटणी! तिनं घाईघाईनं पर्समधली चकती काढली. त्याच साच्यातली, त्याच मिश्रणाची, त्याच दिवशीची. अंगठ्यानं दाबली. चकती दबली आणि तिनं अंगठ्याला परत ढकललं. बेलाशक, तरण्याताठ्या गड्यासारखं परत ढकललं. ती एकदा बूच दाबत होती, एकदा चकती, आणि रंगूबाई तिच्याकडं बघून कॅन घट्ट धरून जरा पलीकडं सरकल्या.

खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती कारखान्यात होती, तिथं प्रेसची पूजा होती आणि पेढे वाटायची जबाबदारी तिची होती. राजरत्न दरवर्षीसारखा दीक्षाभूमीला नागपूरला गेला होता. शेडमध्ये विमानापाशी आबा एकटे होते. आणि त्यांनी पाठवलेला फोटो! विमानाला झेंडूची माळ, पंख्याला हळदीकुंकू, आणि सगळं विमान असं चकाकणारं, की तिनं कारखान्यात सगळ्यांना दाखवला होता, बघा आमच्या आबांचा हात. खंडेनवमीला कोयता धुतात, पुसतात, त्याला तेलाचं बोट लावतात. नांगराला लावतात, पान्यांना लावतात, लेथला लावतात. विमानाला लावणार नाहीत का? नैसर्गिक रबराला तेल म्हणजे वाळवीच. हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर इंजिनाचं तेल ठिबकू नये म्हणून चकत्यांवर तिनं पत्र्याची टोपी बसवली होती. वरून येणाऱ्या तेलाचा बंदोबस्त झाला होता. भक्तीनं येणाऱ्या तेलाचा कुणी करायचा?

तिला हसू फुटलं. मोठ्यानं. रबर चुकलं नव्हतं! मिश्रण चुकलं नव्हतं, ती चुकली नव्हती! मोजलं नाही एवढं चुकलं होतं, आणि त्याची लाज तिला त्या क्षणी सुखाची वाटली. बस थांबलेली नसतानाही सगळं अंग थरथरत होतं. आत्ता, या घटकेला खाली उतरावं आणि उसातून पळत सुटावं असं वाटलं. “रंगूबाई, हे बूच मला द्या.” “आन् माझं त्याल?” संयोगितानं केसांचा रबरबँड काढला, डब्याची प्लॅस्टिकची पिशवी कॅनच्या तोंडावर घातली, तीनदा वेढा देऊन आवळली. रंगूबाईंनी कॅन तिरका करून बघितला, थेंब पडला नाही. “घ्या मग,” त्या म्हणाल्या. “पर त्याचं काय करनार?” “दाखवणार.” “कुनाला?” संयोगिता म्हणाली, “वडलांना,” आणि म्हणताना तिचं हसू जरासं अडखळलं.

आष्ट्याला ती रंगूबाईंच्या मागोमाग उतरली, तिकीट उंब्रजचं असून. कंडक्टर म्हणाला, “ताई, तुमचं लांब हाय अजून.” ती म्हणाली, “माहितीय,” आणि सांगलीच्या बसमध्ये चढली. कपाटात तीन चकत्या होत्या, पर्समध्ये एक. कुपवाडला पोहोचल्यावर तिनं चारी चकत्यांवर ते घड्याळासारखं यंत्र टेकवलं. काटा चारदा साठावर, तिनं ठरवलं होतं तिथंच, येऊन थांबला. रंगूबाईंच्या बुचावर टेकवलं, काटा तिसाच्याही अलीकडं लटपटला. तिनं आकडे हातावर पेनानं लिहिले, वही समोर असताना. मग पुन्हा बस, पुन्हा पूल, पुन्हा डिग्रज, तुंग, आष्टा. केस मोकळे, सकाळपासून पोटात एक कप चहा, आणि भूक नाही. प्रश्न आता फक्त आबांचा होता. आष्टा ते कऱ्हाड ती एक वाक्य जुळवत होती. त्या चार चकत्या खराब निघाल्या होत्या, आबा, ओतताना होतं असं कधीकधी. चांगलं वाक्य होतं. मऊ होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, ज्यानं आपल्या हातानं तिला भिंत झोपलेली दाखवली, त्याला कशाला सांगायचं, की तुमच्या पूजेनं इंजिन खाली आलं. पण ते वाक्य ऐकून आबा मान डोलावतील आणि गुरुवारी सकाळी, साहेब यायच्या आधी, पुन्हा तेलाची वाटी घेतील. तेव्हा राजरत्न वर असेल. कऱ्हाडच्या स्टँडवर तिनं ते वाक्य सोडून दिलं. इथं मध्ये काही घालायचं नाही. हा धक्का थेट पोहोचला पाहिजे.

उंब्रजला शेडमध्ये शिरली तेव्हा दुपार कलली होती. राजरत्न स्टुलावर बसून बोल्ट पुसत होता. आबा विमानाच्या नाकापाशी उभे. त्यांच्या हातात पितळी वाटी होती, वाटीत कापसाचा बोळा, आणि बोळा चकतीवर.

“आबा, थांबा!”

ती इतक्या जोरात ओरडली, की राजरत्नच्या हातातला बोल्ट पडला. आबांनी वळून बघितलं. “आगं, काय झालं? केस का मोकळं तुजं?”

“हे कवापासनं लावताय?” तिची भाषा आपोआप घरची झाली.

“खंडेनवमीपासनं,” आबा सरळपणे म्हणाले, आणि जरा अभिमानानंच. “त्या दिशी सगळ्या इमानाला लावलं. चांगलं घाण्याचं. आन् ह्या रबरास्नी रोज सकाळ-सांज दोन दोन थेंब. वाळायला नकोत. तूच म्हनती न्हवं, मऊ ऱ्हायाला पायजेत?”

संयोगितानं एक चकती सोडवली आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. सगळे बघत असतानाच कागदावर तेलाचं कडं उमटलं आणि पसरत गेलं. तिनं शेजारी पर्समधली चकती ठेवली, पलीकडं रंगूबाईंचं बूच. मग एकेक उचलून आबांच्या अंगठ्याखाली दिलं. आबांनी पहिली दाबली. दुसरी दाबली. बूच दाबलं, नाकाला लावलं. पुन्हा पहिली दाबली. फौजेत वीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली.

“म्हंजे,” ते म्हणाले, “राजरत्नाला मी पाडनार हुतो.”

“पाडलं न्हाई अजून,” राजरत्न म्हणाला. “आन् मी काय एवढ्यानं पडतोय व्हय, आबा?”

पण आबा हसले नाहीत. “मला वाटलं, मी जपतोय,” ते म्हणाले. जवळ जाऊन त्यांना धरावं असं तिला वाटलं, पण आबांना धरून घेतलेलं चालत नाही. तिनं त्यांच्या हातात कोरडं फडकं दिलं. “सगळं पुसायचंय, आबा. नळ्या, बोल्ट, सगळं. तेलाचा टिपूस राहायला नको. माझ्याच्यानं तुमच्यासारखं निघायचं न्हाई.” आबांनी फडक्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, बाह्या सारल्या आणि कामाला लागले. दोन फडकी झाली, मग साबणाचं पाणी, मग पुन्हा दोन फडकी. प्रत्येक बोल्टाच्या मुळाशी त्यांनी नखानं फडकं फिरवलं. कुपवाडहून आणलेल्या चारी चकत्या त्यांनीच बसवल्या, तिच्या हातात दिल्या नाहीत. शेवटचा आटा देताना ते सवयीनं पान्याला लोंबकळायला गेले, थबकले आणि तिच्याकडं बघून म्हणाले, “किती?” तिनं सांगितलं तेवढाच दिला.

विमान अंगणात काढलं. पंख्याची मान ताठ झाली होती. चाकांना दगड लावले. आबांनी घरातून स्टीलचा पेला आणला, काठोकाठ पाणी भरून राजरत्नच्या शेजारच्या मोकळ्या सीटवर ठेवला. ही तपासणी कुठल्या पुस्तकात नव्हती. राजरत्ननं इंजिन चालू केलं. पहिले दोन क्षण ते चारी अंगांनी घुसळलं, पिसाळल्यासारखं डावीकडं-उजवीकडं गेलं, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. मग वेग वाढला. इंजिन आपल्या जागी नाचत राहिलं, पंखा दिसेनासा झाला, अंगणातला पाचोळा उडून कुंपणाला जाऊन चिकटला, आणि पेल्यातलं पाणी थांबलं. त्यात आभाळ दिसायला लागलं. संयोगितानं सांगाड्याच्या नळीवर तळहात टेकवला. इंजिनाची धग येत होती, गुरगुर येत होती, पण धक्का येत नव्हता. आनंदानं तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि ती ओरडलीही, पण त्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही. राजरत्ननं तिच्याकडं बघून भुवई उंचावली. गुरुवारी कशावर बसू? तिनं सकाळच्या चार ॲल्युमिनियमच्या चकत्यांची पिशवी उचलून त्याला दाखवली आणि कुंपणाशी नेऊन ठेवली. त्यानं मान डोलावली.

आबा मागं उभे होते. संयोगितानं बघितलं, तर वाटी पुन्हा त्यांच्या हातात. त्यांनी एकदा विमानाकडं पाहिलं, एकदा वाटीतल्या तेलाकडं. इतकं चांगलं घाण्याचं तेल, टाकवत तर नाही. तिनं हात वर केला, नको म्हणून. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, वाटी टकलावर उपडी केली आणि दोन्ही हातांनी, कानांमागं, मानेवर, सावकाश चोळायला लागले. तेल भुवयांवरून ओघळलं. त्यांनी इंजिनाच्या वरताण आवाज काढून तिला विचारलं,

“ह्या यंत्राला तर चालतंय न्हवं?”